ॲनोडीकरण (ॲल्युमिनियमचे)

ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विजेच्या साहाय्याने त्याच धातूच्या ऑक्साइडचा जाड, कठीण थर वाढवण्याची प्रक्रिया. कारखान्यांत तिला ‘ॲनोडायझिंग’च म्हणतात. थर धातूतूनच उगवत असल्याने रंगासारखे त्याचे पापुद्रे निघत नाहीत. उघड्या हवेत आपोआप येणारा थर जेमतेम २ ते ४ नॅनोमीटरचा. ॲनोडीकरणाने तो ५ ते २५ मायक्रॉनपर्यंत नेतात.

तेलकटपणा काढलेला माल कॉस्टिक सोड्यात बुडवतात, वर उरलेली काजळी नायट्रिक आम्लात धुतात. मग १५ ते २० टक्के सल्फ्यूरिक आम्लाच्या टाकीत तो धनाग्र म्हणून टांगून १२ ते २० व्होल्टला एकदिश प्रवाह सोडतात. ऑक्साइड तयार होत असतानाच आम्ल ते थोडेथोडे विरघळवते. या ओढाताणीतून षट्कोनी कोठ्या उभ्या राहतात. प्रत्येकीच्या मध्यात एक सूक्ष्म छिद्र आणि तळाशी अखंड पातळ पडदा. टाकी २० अंश सेल्सिअसच्या आसपास राखावी लागते. ती तापली की आम्लाची सरशी होते आणि थर भुसभुशीत येतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात शीतकरणाशिवाय हे काम होणे नाही. उलट शून्य अंशाजवळ मिळणारा थर अधिक जाड व टणक असतो. काळपट ‘हार्ड ॲनोडाइज्ड’ कढया अशाच बनतात.

छिद्रांत हवा तो रंग भरतात आणि उकळत्या पाण्यात ती मिटवतात. या पाण्यात सिलिकेट वा फॉस्फेट असल्यास छिद्रे नीट मिटत नाहीत, म्हणून निःक्षारित पाणी लागते. मिटलेल्या थरावर रंगद्रव्याचा थेंब ठेवून पुसतात. डाग उरला तर काम कच्चे.

थर कसा हरतो, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या दोन पाण्यांवरून समजून घेता येते. शेगाव-संग्रामपूरकडच्या खारपाणपट्ट्यातले क्लोराइड थराच्या कच्च्या जागी वा ओरखड्यात शिरून धातूला खड्डे पाडते. लोणार सरोवराचे पाणी अल्कधर्मी, पीएच १०च्या आसपास. ऑक्साइड साधारण ४ ते ८.५ पीएचमध्येच टिकते. अल्कली खड्डे पाडायची वाट पाहत नाही, सबंध थरच विरघळवते. सरोवरात खिडकी कोणी बुडवत नाही, पण ओले सिमेंट आणि चुना त्याहूनही जहाल. म्हणून गिलावा होईपर्यंत चौकटीवरची प्लास्टिकची फीत काढू नये. पडलेले पांढरे चट्टे घासून जात नाहीत. थर सोड्यात उतरवून पुन्हा चढवावा लागतो आणि प्रत्येक खेपेस मूळ धातू झिजतो.

क्रोमिक आम्लाची पहिली औद्योगिक पद्धत १९२३ साली ब्रिटनमध्ये बेंगफ व स्टुअर्ट यांनी समुद्री विमानांच्या भागांसाठी काढली. सल्फ्यूरिक आम्लाची पद्धत १९२७ची.