हॉल्स्टेड रस्त्यावरील सूतकताई

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इटलीच्या दारिद्र्यग्रस्त खेड्यांतून जी कुटुंबे शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्याच्या आसपास वस्तीस आली, त्यांच्या घरांत अपत्यसंगोपनावरून जो कलह माजला, त्याच्या मुळाशी कर्तव्याच्या दोन भिन्न कल्पना होत्या. दहा-बारा वर्षांच्या मुलाने निर्वाहाचा भार उचलावा, ही शेतकरी घरातील पिढीजात वहिवाट. तर बालपण हा शाळेचा व खेळाचा काळ, ही शिकागोच्या मध्यमवर्गाची धारणा. इलिनॉय राज्याने १८९३ साली चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत मज्जाव केला, तेव्हा ज्या बापाने मुलाच्या कमाईवर संसाराची मदार ठेवली होती, त्याला हा कायदा जुलूम वाटला. शिवाय इंग्रजी शिकलेले मूल दुकानात व कचेरीत आईबापांचे दुभाषी झाले, की घरातील वडीलकीच डळमळीत होई.

१८८९ साली एलेन गेट्स स्टार यांच्यासमवेत याच रस्त्यावर हल-हाउस हे वस्ती-सेवाकेंद्र स्थापणाऱ्या जेन अ‍ॅडम्स यांनी ही व्यथा ओळखली, आणि १९०० साली तेथे श्रमसंग्रहालय उघडून टकळीपासून यंत्रापर्यंतचा सूतकताईचा इतिहास स्थलांतरित स्त्रियांच्याच हातांनी मांडला. त्याच इमारतीत पाकक्रियेच्या वर्गाला येणारी एक इटालियन मुलगी, डोक्याला रुमाल, पायांत ओबडधोबड बूट आणि अंगात आखूड घागरा अशा वेषात संग्रहालयात सूत कातणाऱ्या आपल्या आईची लाज वाटून, निराळ्या दाराने आत शिरत असे. एके संध्याकाळी अध्यापनशास्त्राची जाणकार मंडळी आईभोवती जमून तिच्या कताईची वाखाणणी करीत असल्याचे तिने पाहिले. आई खरेच एवढी कुशल आहे काय, असे तिने विचारताच अ‍ॅडम्सबाईंनी तिला आईच्या गावाची हकिकत सांगितली: तेथील स्त्रिया कड्याच्या टोकावरून टकळी खोल खाली सोडीत, म्हणून त्यांच्या हाताला शेजारच्या गावांहून सरस कसब आले होते. पुढे त्या मुलीने गावंढळ म्हणून दडवलेली घरच्या सुताची वस्त्रे आईला पेटीतून बाहेर काढू दिली, आणि ती आईच्याच दाराने उघडपणे येऊ लागली.

कारखान्यातून मुलाची सुटका करणारा कायदा न्याय्यच होता, आणि अ‍ॅडम्सबाईंनी त्याचा हिरिरीने पुरस्कारही केला. तथापि मुलाला नव्या देशाचे नागरिकत्व शिकविताना त्याच्या आईबापांची प्रतिष्ठा त्याच्या नजरेतून उतरणार नाही, याची जबाबदारी जो समाज पत्करीत नाही, त्याने त्या मुलाचे शिक्षण अर्धेच केले, असे म्हणणे प्राप्त आहे.