आल्प्समधील गुहा व गिरिभ्रमण

आल्प्स पर्वतातील नैसर्गिक गुहा, हिमगुहा व विवरे यांना पदभ्रमणाच्या ओघात भेट देण्याची प्रथा आणि तिचा इतिहास. ही प्रथा प्रामुख्याने ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, जर्मनीतील बव्हेरिया, फ्रान्स आणि इटली या प्रदेशांत रूढ झाली. महाराष्ट्रात गुहा म्हटली, की बेसाल्ट खडकात माणसाने कोरलेली लेणी प्रथम आठवतात. आल्प्समधील बहुतेक गुहा मात्र चुनखडक व डोलोमाइट या खडकांत पाण्याने घडविलेल्या आहेत. वातावरणातील व मृदेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून घेऊन पावसाचे पाणी सौम्य अम्लधर्मी बनते. ते खडकाच्या भेगांतून झिरपताना चुना विरघळवते आणि लक्षावधी वर्षांत भेगांचे रूपांतर दालनांत, भुयारांत व खोल कूपांत होते. पर्वत उंचावत गेला व दऱ्या खोल होत गेल्या, तसे भूमिगत प्रवाहही खालच्या पातळीवर उतरले. त्यामुळे एकेकाळच्या जलमार्गांची कोरडी मुखे आज उंच कड्यांवर उघडी पडलेली दिसतात.

गुहांशी आल्प्सवासीयांचा पहिला संबंध भयाचा व श्रद्धेचा होता. साल्झबर्गजवळच्या उंटर्सबर्ग डोंगराच्या पोटात सम्राट निद्रिस्त आहे, अशी दंतकथा प्रचलित आहे. हा सम्राट काहींच्या मते शार्लमेन, तर काहींच्या मते फ्रीड्रिख बार्बारोसा होय. स्वित्झर्लंडमध्ये टून सरोवराच्या काठच्या गुहेतून संत बेआटूस याने ड्रॅगनला हुसकावून लावले व तेथे वास्तव्य केले, अशी आख्यायिका आहे. ही गुहा मध्ययुगात यात्रास्थान होती. बर्नने १५२८ मध्ये धर्मसुधारणा स्वीकारल्यावर यात्रेस बंदी झाली. तरीही भाविक येतच राहिल्याने गुहेचे तोंड भिंत घालून बंद करण्यात आले. आपेनत्सेल भागातील एबेनाल्पच्या कड्यातील व्हिल्डकिर्खली या गुहेत १६२१ मध्ये पूजास्थान स्थापन झाले व १६५८ पासून १८५३ पर्यंत तेथे एकामागून एक तपस्वी राहिले. आज एबेनाल्पच्या माथ्यावरून खाली येणारी पाऊलवाट या गुहेतूनच जाते. प्रार्थनेसाठी चढणारा यात्रेकरू व आनंदासाठी चालणारा पदभ्रमी यांची वाट येथे एकच झाली आहे.

एकोणिसाव्या शतकात गुहा हा शास्त्रीय जिज्ञासेचा विषय बनला. आडोल्फ श्मिड्ल (१८०२–६३) या ऑस्ट्रियन संशोधकाने गुहांचे पद्धतशीर वर्णन करण्याचा पाया घातला. १८७९ मध्ये व्हिएन्ना येथे गुहाविज्ञानाला वाहिलेली संस्था स्थापन झाली. अशा प्रकारची ती जगातील पहिली संस्था मानली जाते. फ्रान्समध्ये एद्वार आल्फ्रेद मार्तेल (१८५९–१९३८) यांनी १८९५ मध्ये गुहासंशोधकांची संस्था स्थापली. मात्र या उत्साहाला अनुभवाची जोड नव्हती. एप्रिल १८९४ च्या अखेरीस ऑस्ट्रियातील ग्राझजवळच्या लुरग्रोटे या गुहेत शिरलेले सात जण पावसाने फुगलेल्या ओढ्यामुळे आत अडकले. खडक फोडून वाट करण्यात आली आणि सुमारे नऊ दिवसांनी सर्वांची सुखरूप सुटका झाली. या घटनेने भूमिगत पाण्याच्या स्वभावाची जाणीव सर्वसामान्यांनाही झाली. गुहेबाहेर पडणारा पाऊस हा गुहेतील माणसाच्या जीविताशी निगडित असतो, हा तिचा मुख्य धडा होय.

व्हिल्डकिर्खली येथे एमील बेख्लर यांनी १९०४–०८ या काळात उत्खनन केले. त्यांना गुहा-अस्वलाच्या हाडांबरोबर पुराणाश्मयुगीन दगडी हत्यारे सापडली. निअँडरथल मानव आल्प्सच्या उंच भागापर्यंत पोहोचला होता, याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरला. पुढे बेख्लर यांनी द्राखेनलोख या सु. २,४०० मी. हून अधिक उंचीवरील गुहेतील हाडांच्या मांडणीवरून अस्वलपूजेची कल्पना मांडली. ती बरीच लोकप्रिय झाली. परंतु हाडांची ती रचना पाण्याने व नैसर्गिक पडझडीनेही होऊ शकते, असे दिसून आल्याने बहुतेक संशोधकांनी ती नाकारली आहे.

पदभ्रमणाच्या इतिहासात साल्झबर्ग प्रांतातील व्हेर्फेनजवळची आइसरीझनव्हेल्ट ही हिमगुहा विशेष उल्लेखनीय आहे. तिचे मुख सु. १,६४१ मी. उंचीवर आहे. स्थानिक लोक तिला नरकाचे द्वार समजून टाळीत असत. १८७९ मध्ये आंटोन फॉन पोसेल्ट-त्सोरिख यांनी एकट्याने तिच्यात सु. २०० मी. पर्यंत प्रवेश केला व गिर्यारोहकांच्या नियतकालिकात वृत्तांत प्रसिद्ध केला. पण तो लवकरच विस्मृतीत गेला. पुढे आलेक्सांडर फॉन मोर्क या साल्झबर्गच्या संशोधकाला त्याची आठवण झाली आणि १९१२ पासून त्याने मोहिमा काढल्या. बर्फाच्या भिंतीत पायऱ्या खोदत ही मंडळी आतील विशाल दालनांपर्यंत पोहोचली. मोर्क १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला. त्याचा अस्थिकलश पुढे त्याच्याच नावाच्या दालनात ठेवण्यात आला. युद्धानंतर फ्रीड्रिख व रोबेर्ट एड्ल हे बंधू आणि व्हाल्टर फॉन त्सेर्निग यांनी कार्य पुढे नेले. १९२० पासून वाटा व निवारा तयार होऊन प्रवासी येऊ लागले. १९५५ मध्ये रज्जुमार्ग सुरू झाला.

या गुहेची लांबी ४० किमी.हून अधिक असली, तरी बर्फ केवळ सुरुवातीच्या सु. १ किमी. भागात आढळते. त्याचे कारण वायुवीजनात आहे. हिवाळ्यात गुहेतील तुलनेने उबदार हवा वरच्या छिद्रांतून निघून जाते व खालच्या मुखातून अतिशीत हवा आत ओढली जाते. त्यामुळे मुखाजवळचा खडक गोठतो. वसंतात वितळलेले पाणी झिरपून या खडकावर गोठते. उन्हाळ्यात वाऱ्याची दिशा उलटते आणि थंड हवा मुखातून जोराने बाहेर पडते. म्हणूनच ऐन उन्हाळ्यातही प्रवाशाला गरम कपडे घ्यावे लागतात. गुहेत विजेचे दिवे नसून प्रवाशांच्या हाती कार्बाइडचे दिवे देण्याची प्रथा आहे. बर्फाचे मोठे आकार दाखविण्यासाठी वाटाड्या मॅग्नेशियमची तार पेटवितो.

गुहा प्रवाशांना खुल्या झाल्या, तसा त्यांच्या रक्षणाचा प्रश्नही उभा राहिला. स्टायरियातील मिक्सनिट्सजवळच्या ड्राखेनहोले या गुहेतून पहिल्या महायुद्धानंतर खतासाठी फॉस्फेटयुक्त माती मोठ्या प्रमाणावर काढण्यात आली. तीत गुहा-अस्वलांचे विपुल अवशेष होते. त्यांचा अभ्यास झाला खरा. परंतु मूळ निक्षेप पुन्हा मिळणे शक्य नव्हते. १९२८ मध्ये ऑस्ट्रियाने नैसर्गिक गुहांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला. लवणस्तंभ एकदा तुटला, की तो माणसाच्या आयुष्यात पुन्हा वाढत नाही. मशालींच्या काजळीने भिंती काळवंडतात व विजेच्या उजेडात शेवाळ वाढते. हिवाळी निद्रेत असलेली वटवाघळे माणसांच्या वावराने जागी झाल्यास त्यांची साठविलेली शक्ती अकाली खर्च होते. यास्तव अनेक गुहा हिवाळ्यात बंद ठेवल्या जातात.

स्वित्झर्लंडमधील मुओटाताल येथील हॉललोख या गुहेचा इतिहास पर्यटन व संशोधन यांतील भेद स्पष्ट करतो. १८७५ मध्ये आलोइस उलरिख या शेतकऱ्याने तिच्यात प्रवेश केला. विसाव्या शतकाच्या आरंभी एका बेल्जियन कंपनीने तेथे वाटा व विजेचे दिवे यांची सोय केली. १९१० च्या पुरात ती उद्ध्वस्त झाली. ऑगस्ट १९५२ मध्ये आल्फ्रेड बोग्ली व त्यांचे तीन सहकारी पुरामुळे दहा दिवस आत अडकले, पण जिवंत परतले. बोग्ली यांनी पुढे दाखवून दिले, की चुन्याने संपृक्त झालेले दोन भिन्न प्रवाह एकत्र आल्यास मिश्रणाला पुन्हा चुना विरघळविण्याची शक्ती येते. गुहानिर्मितीच्या अभ्यासात हा सिद्धांत महत्त्वाचा ठरला. या गुहेची ज्ञात लांबी आता २०० किमी.हून अधिक आहे. फ्रान्समधील व्हेर्कॉर भागात १९५३ मध्ये सापडलेल्या गूफ्र बेर्जे या विवरात १९५६ मध्ये संशोधकांनी १,००० मी. खोलीची मर्यादा जगात प्रथमच ओलांडली. १९६२ मध्ये मिशेल सीफ्र हे लिग्युरियन आल्प्समधील स्कारासों या विवरात घड्याळाविना सु. दोन महिने राहिले. ते १४ सप्टेंबर रोजी बाहेर आले, तेव्हा त्यांच्या हिशोबाने २० ऑगस्ट उजाडला होता. मानवी कालबोधाच्या अभ्यासाला या प्रयोगाने चालना दिली.

खोल विवरांतील संकट किती महाग पडते, हे जून २०१४ मध्ये उंटर्सबर्गमधील रीझेनडिंग या विवरात दिसून आले. सु. १,००० मी. खोलीवर दगड पडून एक अनुभवी संशोधक डोक्याला जबर जखमी झाला. त्याला ११ दिवसांनी वर आणण्यात आले. अनेक देशांतील ७०० हून अधिक व्यक्तींचा त्या कार्यात सहभाग होता. ज्या डोंगराच्या दंतकथा वाटसरू ऐकत आले, त्याच्याच पोटात हे घडले. म्हणून आखलेल्या वाटेवरून, वाटाड्यासह पाहण्याची गुहा आणि दोर, नकाशे व प्रशिक्षण यांशिवाय जेथे जाऊ नये असे विवर, हा भेद पदभ्रमी संघटना कटाक्षाने सांगतात.

हिमनद्यांत कोरलेल्या गुहा हा एक वेगळा प्रकार होय. ऱ्होन हिमनदीत १८७० च्या सुमारास प्रवाशांसाठी गुहा कोरण्यास आरंभ झाला. बर्फ सतत सरकत असल्याने ती दरवर्षी नव्याने कोरावी लागे. एकविसाव्या शतकात हिमनदी इतकी आटली, की गुहेवरील बर्फ उन्हाळ्यात पांढऱ्या आच्छादनांनी झाकण्याची वेळ आली. खडकातील हिमगुहांचेही बर्फ तापमानवाढीमुळे अनेक ठिकाणी घटत आहे. या बर्फाच्या थरांत गतकाळातील हवामानाची नोंद साठलेली असते. ते वितळल्यास प्रेक्षणीय स्थळाबरोबर ती नोंदही नष्ट होते. भीतीने टाळलेली, श्रद्धेने पुजलेली व जिज्ञासेने शोधलेली आल्प्समधील गुहा आता जतनाचा विषय झाली आहे.