एकदिशकारक, उच्च विद्युत् दाबाचे : चंद्रपूर परिसर

प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशेने वाहणाऱ्या) विद्युत् प्रवाहाचे एकदिश (एकाच दिशेने वाहणाऱ्या) प्रवाहात रूपांतर करणाऱ्या प्रयुक्तीस एकदिशकारक म्हणतात. वर्धा खोऱ्यातील कोळशामुळे चंद्रपूर येथे मोठे औष्णिक वीजकेंद्र उभारण्यात आले. त्याचा पहिला संच १९८३ मध्ये, म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यानंतर एका वर्षाने, कार्यान्वित झाला. धुरातील राख अडविणे व वीज दूरवर वाहून नेणे, हे उच्च दाबाच्या एकदिशकारकांचे दोन्ही प्रमुख उपयोग या परिसरात आढळतात.

पारदबाष्प एकदिशकारक पीटर कूपर ह्यूइट यांनी १९०२ मध्ये, तर निर्वात नलिका जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये तयार केली. पुढे सिलिनियमाच्या चकत्या व १९५० नंतर सिलिकॉन एकदिशकारक प्रचारात आले. जुन्या यंत्रणांत नलिका किंवा सिलिनियम यांच्या जागी सिलिकॉन बसविण्याचा प्रश्न तेव्हापासून उद्‌भवला.

ही निवड केवळ प्रवाहाच्या आकड्यावरून करता येत नाही. सिलिनियमाचा अंतर्गत रोध कालांतराने वाढतो व तो भरून काढण्यासाठी रोहित्राचा दाब वाढविलेला असतो. सिलिकॉनचा रोध अल्प असल्याने तोच दाब कायम ठेवल्यास जुन्या निरोधनावर अतिरिक्त ताण पडतो. नलिका तापण्यास वेळ घेते, तर सिलिकॉन तत्काळ प्रवाह वाहू देते. म्हणून बहुधा दाब कमी करावा लागतो किंवा मंडलात रोधक घालावा लागतो. धारित्राला जोडलेल्या अर्धतरंगी मंडलात एकदिशकारकावर येणारा उलट दाब शिखर दाबाच्या सुमारे दुप्पट असतो. एक सिलिकॉन घटक काही हजार व्होल्टच सहन करीत असल्याने अनेक घटक एकसरीत जोडतात. दाब सर्वांत सारखा विभागला जावा म्हणून प्रत्येकास समांतर रोधक व धारित्र जोडतात. अन्यथा एक घटक निकामी होऊन त्यापाठोपाठ संपूर्ण साखळी जळते.

औष्णिक केंद्रांतील स्थिर विद्युत् अवक्षेपकांत तारा व पट्ट्या यांमध्ये हजारो व्होल्टांचा एकदिश दाब ठेवतात. तेथे वारंवार ठिणग्या पडत असल्याने त्यांचे आघात सोसणारे एकदिशकारक आवश्यक असतात. त्यांची शृंखला रोहित्रासह तेलात बुडविलेली असते, त्यामुळे बदल करताना तेलाची स्थितीही तपासावी लागते. हा भाग बंद पडल्यास अधिक राख आसमंतात जाते व परिसरातील वस्तीस त्याचा उपद्रव होतो.

भद्रावतीजवळील प्रत्येकी ५०० मेगावॉटच्या दोन विभागांचे परिवर्तक केंद्र पश्चिम व दक्षिण विभागांची जाळी जोडते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी समकालिक झाले. त्यापूर्वी दोन असमकालिक जाळ्यांत वीज देण्याघेण्यासाठी असा दुवा अपरिहार्य होता. चंद्रपूर ते पडघे ही ±५०० किलोव्होल्टची, सु. ७५० किमी. लांबीची व १,५०० मेगावॉट क्षमतेची एकदिश वाहिनी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. अशा केंद्रांत थायरिस्टर हा नियंत्रित एकदिशकारक वापरतात. त्याच्या शृंखलेत काही घटक राखीव असल्याने एखादा निकामी झाला, तरी वहन थांबत नाही. परंतु बदली घटकाचे गुणधर्म, उघडझाप करणाऱ्या इलेक्ट्रॉनीय मंडलाशी त्याचा मेळ व शीतन यांची सांगड मूळ रचनेशी बसावी लागते. जुन्या घटकाचे उत्पादन थांबल्यास मात्र एकेक भाग बदलण्याऐवजी संपूर्ण संच नव्याने बसविणे हाच मार्ग उरतो.