नाशिकची रेड वाइन: हवामान, जमीन आणि दोन छाटण्या

सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असलेला नाशिकचा द्राक्षपट्टा 20 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे उष्ण कटिबंधात येतो. फ्रान्समध्ये कडक थंडीत वेल पाने गाळून सुप्तावस्थेत जाते. नाशिकच्या सौम्य हिवाळ्यात तिला अशी विश्रांती मिळत नाही, म्हणून येथे वर्षाचे वेळापत्रक निसर्गाऐवजी शेतकऱ्याच्या कात्रीने ठरते.

ओझर परिसरात 1925 च्या सुमारास रुजलेल्या खाण्याच्या द्राक्षांच्या शेतीत दोन छाटण्यांची पद्धत स्थिरावली आणि पुढे वाइनच्या बागांनीही तीच स्वीकारली. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर नवी काडी वाढून तिच्या डोळ्यांत घड धरतात, तर पावसाळा सरताना होणाऱ्या गोडी छाटणीनंतर ते घड बाहेर पडून जानेवारी ते मार्च या कोरड्या काळात पिकतात. घाटमाथ्यावरील इगतपुरीत प्रचंड पाऊस पडतो. मात्र पूर्वेकडील पर्जन्यछायेत त्याचे प्रमाण झपाट्याने घटते आणि केवडा, म्हणजे पाने व घड नासवणारा बुरशीजन्य रोग, आटोक्यात ठेवणे सुकर होते.

रेड वाइनला रंग आणि टॅनिन, म्हणजे जिभेला जाणवणारा तुरटपणा, प्रामुख्याने द्राक्षाच्या सालीतून मिळतो. थंड रात्री रंगद्रव्याच्या निर्मितीस पोषक ठरतात व आम्लता टिकवतात. मात्र मार्चचे ऊन वाढले की साखर झपाट्याने चढते आणि आम्लता उतरते, त्यामुळे तोडणीची तारीख निर्णायक ठरते. जमिनीचा वाटाही तितकाच आहे. बेसाल्ट खडकापासून बनलेली खोल काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि पालेवाढ करते, तर उतारावरील उथळ मुरमाड जमिनीत निचरा होऊन मणी लहान राहतात व रसाच्या तुलनेत सालीचे प्रमाण वाढते.

राजीव सामंत यांच्या सुला वाइनरीने 2000 मध्ये आरंभ केला तो व्हाइट वाइनने. शिराझ, झिनफँडेल व कॅबरने सोव्हिन्यो या लाल वाणांचा विस्तार पुढे झाला आणि 2001 च्या राज्याच्या द्राक्षप्रक्रिया धोरणाने या उद्योगाला बळ दिले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, परंतु एकाच तालुक्यात काळी आणि मुरमाड जमीन शेजारी-शेजारी असताना, उत्तम रेड वाइनचा खरा आधार जिल्ह्याच्या नावापेक्षा योग्य उताराची आणि योग्य वाणाची निवड हाच आहे.