ऐकणारी गावे आणि बोलणारी गावे

प्रसारमाध्यमे समाज घडवतात असे एक मत आहे आणि ती समाज बिघडवतात असे दुसरे. चित्रपट आला, रेडिओ आला, दूरचित्रवाणी आली, मोबाइल आला. प्रत्येक वेळी ही दोन्ही मते सारख्याच ठामपणे मांडली गेली. शिक्षकांच्या खोलीतही ती ऐकू येतात. 'मोबाइलने मुलांचे वाचन संपले' असे एक बाई म्हणतात, तर 'पडद्यावर दाखवले की मुलांना पटकन समजते' असे शेजारचे सर म्हणतात. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मनात अशा वेळी एक साधा प्रश्न येतो. हे कशावरून? मोबाइल नसता तर त्याच मुलांनी किती वाचले असते, हे कोणी पाहिले आहे काय?

कुंडीतल्या रोपाला खत घातले आणि ते वाढले, एवढ्यावरून ते खतामुळेच वाढले असे आपण सातवीतल्या मुलालाही म्हणू देत नाही. शेजारी बिनखताची कुंडी ठेवायला सांगतो. समाजाच्या बाबतीत ही बिनखताची कुंडी कोठून आणायची? गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत संशोधकांनी तिचा शोध कसकसा घेतला हा इतिहास उद्बोधक आहे. त्यातला एक महत्त्वाचा प्रयोग तर आपल्याच खेड्यांमध्ये झालेला आहे.

प्रचाराचे इंजेक्शन

पहिल्या महायुद्धात सर्वच बाजूंनी प्रचाराचा भरपूर वापर केला. पुढे घरोघरी रेडिओ आला. त्यामुळे बराच काळ असे समजले जाई, की माध्यमातून सांगितलेली गोष्ट इंजेक्शनसारखी थेट माणसाच्या मनात उतरते. सांगणारा हुशार असला म्हणजे झाले, ऐकणारा हवा तसा वळेल.

या समजुतीची पद्धतशीर तपासणी करणाऱ्यांमध्ये पॉल लाझार्सफेल्ड यांचे नाव अग्रभागी येते. व्हिएन्ना विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवलेले हे गृहस्थ पुढे अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध झाले. १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यातील ईरी परगण्यात सुमारे ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर दरमहा भेटून प्रश्न विचारले. आता वारंवार प्रश्न विचारल्यानेच लोकांची उत्तरे बदलली तर? ही शंका त्यांना आधीच आली होती. म्हणून त्यांनी तशाच मतदारांचे आणखी गट निवडले आणि त्यांना फक्त एकेकदाच भेटून उत्तरे ताडून पाहिली. मोजपट्टीमुळेच वस्तू वाकत नाही ना, हे पाहण्याचीच ही रीत होती.

निष्कर्ष अनपेक्षित निघाले. प्रचार ऐकून एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेलेले मतदार फार थोडे होते. बहुतेकांचे आधीचेच मत प्रचाराने पक्के केले होते. शिवाय मत बनवताना रेडिओ-वर्तमानपत्रांपेक्षा ओळखीच्या माणसांशी झालेले बोलणे अनेकांना महत्त्वाचे वाटले होते. माध्यमातली गोष्ट आधी काही जाणत्या माणसांपर्यंत जाते आणि त्यांच्या बोलण्यातून इतरांपर्यंत पोचते, अशी कल्पना यातून पुढे आली. मात्र येथे रेडिओ न ऐकणारा, बाकी सर्व बाबतीत सारखा असा समाज तुलनेला नव्हता. बिनखताची कुंडी अजून मिळायची होती.

पुण्याचा प्रयोग

ती १९५६ साली तेव्हाच्या मुंबई राज्यात मिळाली. कॅनडामध्ये १९४१ पासून शेतकरी गटाने बसून रेडिओ ऐकत आणि मग त्यावर चर्चा करत. तसे भारतात करता येईल का, हे पाहण्यासाठी युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने एक प्रयोग आखला. पुणे, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. फेब्रुवारी ते एप्रिल असे दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम पुणे केंद्रावरून होई. विषय शेतीचे, आरोग्याचे, शिक्षणाचे, गावच्या कारभाराचे. एकंदर २० कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करून मंडळी आपसांत चर्चा करत. त्यांचे प्रश्न व निर्णय केंद्राकडे लिहून जात आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांना उत्तरे मिळत.

मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होते. तेथे पाहुणे प्राध्यापक म्हणून आलेले पॉल न्यूराथ यांनी त्याचे नेतृत्व केले. नाझींच्या छळछावणीतून सुटून अमेरिकेला गेलेले न्यूराथ हे कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे लाझार्सफेल्ड यांच्याच विद्यापीठात, समाजशास्त्र शिकले होते. अभ्यासासाठी तीन प्रकारची गावे घेण्यात आली. पहिल्यात रेडिओ होता आणि मंडळही होते. दुसऱ्यात रेडिओ होता, पण मंडळ नव्हते. तिसऱ्यात रेडिओच नव्हता. तिन्ही ठिकाणी प्रयोगाच्या आधी आणि नंतर लोकांना प्रश्न विचारून त्यांना त्या त्या विषयांची किती माहिती आहे हे तपासले गेले.

मंडळे असलेल्या गावांत लोकांची माहिती डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. मंडळे नसलेल्या गावांत ती जेमतेमच वाढली. थोडीफार वाढ झाली ती मुख्यतः रेडिओ असलेल्या गावांत. म्हणजे कार्यक्रम तोच, रेडिओही गावात होता. फरक पडला तो ऐकल्यानंतर एकत्र बसून बोलण्याचा. मंडळांच्या चर्चेतून काही ठिकाणी विहिरी खणल्या गेल्या, जातिवंत वळू आणले गेले, बालवाड्या सुरू झाल्या.

या प्रयोगाच्या मर्यादाही शिकण्यासारख्या आहेत. दहा आठवडे हा काळ थोडा आहे. नव्याच्या नवलाईचा परिणाम त्यात मिसळलेला असणार. मंडळांकडे संघटकांचे लक्ष होते, तसे इतर गावांकडे नव्हते. तेव्हा परिणाम चर्चेचा किती आणि या आस्थेचा किती, हे वेगळे काढता येत नाही. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली आणि हजारो मंडळे निघाली. संख्या वाढली, पण तशी देखभाल उरली नाही आणि मंडळे हळूहळू मागे पडली. रेडिओ संच वाटणे सोपे होते, त्यांच्याभोवतीचे बोलणे टिकवणे अवघड होते.

उपग्रहाकडून खिशाकडे

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून भारताने 'साइट' नावाचा दूरचित्रवाणीचा प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत त्याचे कार्यक्रम दिसत. या वेळी संशोधकांनी प्रश्नावल्यांवर भागवले नाही. मानवशास्त्राचे अभ्यासक निवडक गावांत जाऊन दीर्घकाळ राहिले, कारण कोण कोणाशेजारी बसतो, बघितल्यावर घरी काय बोलतो हे प्रश्नावलीत उतरत नाही. याच प्रयोगात सुमारे ५० हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण मिळाले. त्यात नुसता पडदा नव्हता. रेडिओ, छापील साहित्य, हाताने करायचे प्रयोग आणि चर्चा यांची जोड दिलेली होती.

आता माध्यम खिशात आले आहे. २ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेत निवडणूक होती. त्या दिवशी फेसबुकने सुमारे ६ कोटी १० लाख प्रौढ सदस्यांवर एक प्रयोग केला. बहुतेकांना 'आज मतदान आहे' हा संदेश दिसला आणि सोबत मतदान केल्याचे कळवणाऱ्या त्यांच्या काही मित्रांची छायाचित्रे दिसली. सुमारे ६ लाखांना छायाचित्रांशिवाय तोच संदेश दिसला आणि तितक्याच लोकांना काहीच दिसले नाही. पुढे मतदानाच्या सरकारी नोंदींशी हे ताडून पाहिले गेले. नुसता संदेश मिळालेल्यांचे मतदान संदेश न मिळालेल्यांइतकेच भरले. मित्रांचे चेहरे दिसलेल्यांत मात्र ते ०.३९ टक्क्याने अधिक होते. हा आकडा लहान आहे खरा, पण मित्रांच्या मित्रांपर्यंत पोचलेला परिणाम धरून सुमारे ३ लाख ४० हजार मते वाढली असावीत, असा अंदाज संशोधकांनी २०१२ साली मांडला.

पुण्याच्या प्रयोगातली तिन्ही गावे येथे पुन्हा भेटतात: संदेश आणि सोबत, नुसता संदेश, आणि काहीच नाही. उत्तरही त्याच दिशेचे आहे. पण एक मोठा फरक आहे. पुणे जिल्ह्यातल्या मंडळाच्या सभासदाला आपण एका प्रयोगात आहोत हे ठाऊक होते. जानेवारी २०१२ मध्ये याच कंपनीने ६,८९,००३ सदस्यांना दिसणाऱ्या मजकुरातले आनंदाचे किंवा दुःखाचे प्रमाण आठवडाभर कमी करून त्यांच्या लिहिण्यावर काय परिणाम होतो ते पाहिले. त्या सदस्यांना याची कल्पना नव्हती. परिणाम अगदी सूक्ष्म निघाला, तरी २०१४ साली हे प्रसिद्ध झाल्यावर मोठा वाद झाला आणि शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकानेही संमतीबद्दल चिंता नोंदवली. न्यूराथ यांचे आकडे ग्रंथरूपाने कोणालाही वाचता आले. आजचे बहुतेक आकडे कंपन्यांच्या संगणकांत असतात. आपली मुले काय पाहतात आणि त्याने काय होते, हे त्यांना जितके माहीत असते तितके पालकांना, शिक्षकांना किंवा विद्यापीठांनाही नसते.

म्हणूनच शाळेत पडदा बसवताना किंवा मोबाइल बंद करताना पुण्याची तीन गावे आठवावीत असे आम्हांला वाटते. एखाद्या धड्याची चित्रफीत एका तुकडीला नुसती दाखवावी, दुसरीला दाखवून वीस मिनिटे गटांत बोलू द्यावे, तिसरीला नेहमीप्रमाणे शिकवावे. तिन्ही तुकड्यांना आधी व महिन्याभराने तेच दहा प्रश्न विचारावेत. काय चालले आहे हे मुलांना अगोदर सांगावे, आणि जी पद्धत सरस ठरेल तिचा लाभ उरलेल्या तुकड्यांनाही द्यावा. एका शाळेच्या आकड्यांवरून सिद्धांत मांडता येणार नाही. पण चार शाळांनी आपले आकडे शेजारी ठेवले, तर निदान आपल्या तालुक्यापुरते 'कशावरून?' या प्रश्नाला काही उत्तर देता येईल.