आगकाडीचे विष : माहीत असूनही न थांबलेली साठ वर्षे

१/ देवघरात निरांजन लावताना आपण काडेपेटीच्या कडेवर काडी घासतो. त्या तांबूस-काळपट कडेवर तांबडा फॉस्फरस असतो आणि काडीच्या गुलावर तो नसतो. या साध्या विभागणीमागे कामगारांच्या आरोग्याच्या इतिहासातील एक दीर्घ आणि लाजिरवाणे प्रकरण दडलेले आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/ १८३० च्या सुमारास युरोपात पांढऱ्या फॉस्फरसची आगकाडी आली. भिंत, दगड, बुटाचा तळवा, कशावरही घासली तरी ती पेटे. गारगोटी आणि चकमक यांच्याशी झटणाऱ्या जगाला हे वरदानच वाटले. मागणी वाढली, कारखाने उभे राहिले आणि त्यांत बहुसंख्येने स्त्रिया व मुले कामाला लागली.

३/ काम असे चाले : लाकडी काड्या चौकटीत बसवायच्या, त्यांची टोके फॉस्फरसच्या ऊन लगद्यात बुडवायची, वाळवायच्या आणि पेट्यांत भरायच्या. लगद्यातून सतत वाफ निघे. ती श्वासातून जाई, हातांवर बसे आणि त्याच हातांनी खाल्लेल्या भाकरीबरोबर पोटात जाई. अंधारात कामगारांचे कपडे मंद उजेडाने चमकत.

४/ १८४५ साली व्हिएन्नाचे वैद्य लोरिन्सर यांनी या कामगारांमधील एका विचित्र आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. आरंभ साध्या दातदुखीने होई. मग हिरड्या सुजत, पू वाहू लागे आणि जबड्याचे हाड जिवंतपणीच कुजू लागे. दुर्गंधीमुळे घरचे लोकही जवळ बसू शकत नसत. शस्त्रक्रियेने जबडा काढणे हाच बहुधा उपाय उरे. त्यातून जो वाचे, त्याचा चेहरा कायमचा विद्रूप होई.

५/ कारण कळले होते. उपाय दूर होता का? नाही. त्याच दशकात व्हिएन्नातच आंतोन श्र्योटर यांनी तांबडा फॉस्फरस वेगळा ओळखला. तो सहजी वाफ होत नाही आणि विषारीही नाही. १८५० च्या दशकात स्वीडनमधील लुंडस्ट्रॉम बंधूंनी त्यावर आधारलेली ‘सुरक्षित’ काडी बाजारात आणली. ती मात्र पेटीच्या कडेवरच पेटे.

६/ या सुरक्षित काडीचे ब्रिटनमधील हक्क १८५५ साली लंडनच्या ‘ब्रायंट अँड मे’ कंपनीने घेतले. म्हणजे निर्धोक माल बनवण्याची विद्या कंपनीच्या हाती होती. तरीही ती पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्या बनवत राहिली, कारण गिऱ्हाईक स्वस्त आणि कुठेही पेटणारी काडी मागत होते.

७/ येथे आपल्या परिचयाचे एक नाव येते : ॲनी बेझंट. पुढे १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगपाठोपाठ मद्रासेत आपली लीग काढणाऱ्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या याच बाई. २३ जून १८८८ रोजी त्यांनी ‘द लिंक’ या साप्ताहिकात या कारखान्यातील मुलींच्या स्थितीवर लेख लिहिला. भागधारकांना २३ टक्के लाभांश आणि पाय मळके दिसले म्हणून मुलीला ३ पेन्स दंड, असा तो हिशेब होता.

८/ कंपनीने हा मजकूर खोटा असल्याचे कामगारांकडून लिहून घेण्याचा प्रयत्न केला. जुलैच्या आरंभी सुमारे १४०० स्त्रिया व मुली काम टाकून बाहेर पडल्या. दोन आठवड्यांत कंपनी नमली. दंड रद्द झाले आणि जेवणासाठी स्वतंत्र जागा देण्याचे मान्य झाले.

९/ हा संप फॉस्फरसविरुद्धचा विजय म्हणून पुष्कळदा सांगितला जातो. ते पूर्णपणे खरे नाही. वेगळ्या जेवणघराने अन्नावाटे पोटात जाणारे विष कमी झाले, पण लगदा तोच राहिला आणि हवाही तीच राहिली. कामगार विषापासून थोडा दूर गेला, विष मात्र कारखान्यातच राहिले.

१०/ १८९१ साली साल्व्हेशन आर्मीने लंडनमध्येच तांबड्या फॉस्फरसच्या काड्यांचा कारखाना काढला आणि मजुरीही अधिक दिली. निर्धोक उत्पादन शक्य आहे, हे सर्वांसमक्ष सिद्ध झाले. पण काडी महाग पडे. सद्भावनेवर चालणारा तो कारखाना १९०१ मध्ये बंद झाला. एकट्या सज्जन मालकाला बाजारात टिकणे किती कठीण असते, त्याचा हा धडा.

११/ आता मोजदादीचा प्रश्न. १८९५ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये फॉस्फरसबाधेचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणे बंधनकारक झाले. कागदावर रुग्ण थोडेच दिसत. १८९८ मध्ये उघड झाले की ब्रायंट अँड मेने १७ रुग्ण कळवलेच नव्हते आणि त्यांतील ६ दगावले होते. दंड झाला २५ पौंड ९ शिलिंग.

१२/ यात लबाडी होतीच, पण तिच्याहून खोल असा एक दोषही होता. दात दुखतो म्हणणाऱ्या कामगाराला दात उपटून घ्यावा लागे किंवा काम सोडावे लागे. मग दुखणे सांगणार कोण? ज्या व्यवस्थेत खरे बोलणाऱ्याची भाकरी जाते, तेथे नोंदवही कोरीच राहते आणि त्या कोऱ्या पानालाच सुरक्षिततेचा पुरावा म्हटले जाते.

१३/ १८९९ साली रसायनशास्त्रज्ञ थॉर्प, वैद्य ऑलिव्हर आणि दंतवैद्य कनिंगहॅम यांनी ब्रिटिश सरकारला या उद्योगावर अहवाल दिले. वायुवीजन, हात धुण्याची सोय, दातांची नियमित तपासणी असे उपाय पुढे आले. सारे उपयुक्त होते. परंतु ते सर्व रोज, प्रत्येक पाळीत, न चुकता पाळले गेले तरच कामाचे. एक पंखा बंद पडला, एक तपासणी टळली की विष पुन्हा मोकळे.

१४/ कोंडी फुटली ती १८९८ मध्ये. सेव्हेन आणि काहेन या फ्रेंच रसायनज्ञांनी फॉस्फरस व गंधक यांच्या संयुगाची काडी सिद्ध केली. ती कुठेही पेटे आणि जबडाही कुजवत नसे. ‘गिऱ्हाईक ऐकत नाही’ ही शेवटची सबब संपली.

१५/ उरला प्रश्न स्पर्धेचा. फिनलंडने १८७२ मध्ये आणि डेन्मार्कने १८७४ मध्येच पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घातली होती. मोठे देश मात्र कचरत होते : आपण थांबलो तर शेजारी बाजार बळकावील! म्हणून १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे ७ देशांनी एकत्र करार केला. उत्पादन, आयात आणि विक्री, तिन्ही बंद. ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा केला आणि १९१० पासून बंदी अमलात आली.

१६/ अमेरिकेने १९१२ मध्ये वेगळी वाट धरली. दर १०० काड्यांवर २ सेंट कर बसवला. माल इतका महाग झाला की तो बनवणेच परवडेना. हिंदुस्थानातही १९१३ साली पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांना मनाई करणारा कायदा झाला. पुढे १९२० च्या दशकात अंबरनाथला ‘विमको’चा कारखाना उभा राहिला, तेव्हा या विषाची वाट कायद्याने आधीच बंद झालेली होती.

१७/ आज औद्योगिक आरोग्यशास्त्र उपायांची एक उतरंड शिकवते. आधी घातक पदार्थच टाळा वा बदला, मग यंत्ररचनेने त्याला कोंडा, मग कामाचे नियम आखा आणि सर्वांत शेवटी मुखपट्टी व हातमोजे. आगकाडीच्या उद्योगाने ही उतरंड उलट्या बाजूने चढली. हात धुवा इथून आरंभ झाला आणि पदार्थ बदला इथे शेवट.

१८/ १८४५ पासून १९१० पर्यंत ६५ वर्षे. ज्ञान होते, पर्यायही होता. सर्वांना एकाच वेळी बांधणारा नियम तेवढा नव्हता. त्या विलंबाची किंमत कंपन्यांच्या ताळेबंदात कधीच दिसली नाही. ती पेट्या भरणाऱ्या मुलींच्या जबड्यांनी चुकती केली.