जंगली महाराज रस्त्याचा कला व उद्यान परिसर (पुणे)

पुण्याच्या शिवाजीनगर-डेक्कन भागातील, मुठा नदीच्या डाव्या काठाला समांतर जाणारा पट्टा. उत्तरेला स. गो. बर्वे चौक, दक्षिणेला डेक्कन जिमखाना. पायी रमतगमत गेले तर अर्ध्या तासात संपणाऱ्या या अंतरात आठव्या शतकातील कोरीव लेणे, एका सत्पुरुषाची समाधी, महापालिकेचे मोठे उद्यान, नाट्यगृह, कलादालन आणि अलीकडची दोन मेट्रो स्थानके आहेत. शहराच्या ऐन मध्यात कला आणि झाडी एकमेकांच्या शेजारी, आणि दोन्ही सर्वांना खुल्या, अशी जागा पुण्यात हीच. ती कुणी एका बैठकीत आखलेली नाही. सुमारे बाराशे वर्षांत थराथराने साठत आली आहे, आणि नव्या आराखड्यांनी हे साठणे ओळखून पुढे जावे, एवढी अपेक्षा या नोंदीत ठिकठिकाणी दिसेल.

या भागाचे जुने नाव भांबुर्डे. पेठांचे पुणे नदीच्या उजव्या काठावर, आणि भांबुर्डे नदीपलीकडचे गाव. पाताळेश्वराचे शैलगृह राष्ट्रकूट काळातील मानले जाते. ते डोंगराच्या कड्यात नाही, सपाट जमिनीत खाली कोरले आहे. रस्त्यावरून आत शिरल्यावर पायऱ्या उतराव्या लागतात आणि दहा-बारा पावलांत वाहनांचा आवाज वर राहतो. समोर एकाच पाषाणात कोरलेला वर्तुळाकार नंदीमंडप येतो. जाड खांब, वर छत्रीसारखे सपाट छत. मागचे लेणे अपुरे राहिलेले आहे. भिंतींवर छिन्नीचे घाव तसेच दिसतात, आणि अपुरेपणामुळेच खडक कसा पोखरत नेला हे येथे उघड वाचता येते. लेणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. शेजारीच जंगली महाराजांचे समाधिमंदिर. महाराजांनी 1890 मध्ये देह ठेवला आणि पुढे रस्त्याला त्यांचे नाव मिळाले. मंदिराचे आवार आणि लेण्याची बाग मिळून जी सावली होते, तिच्यात भर दुपारी अभ्यास करणारी मुले आणि डबा खाणारे कामगार बसलेले असतात. उद्यान म्हणून त्या जागेची कुठे नोंद असो वा नसो, तिचा वापर तोच आहे.

परिसराला आजचे वळण मिळाले ते एका आपत्तीनंतर. 12 जुलै 1961 रोजी पुणे जिल्ह्याच्या वेल्हे (आता राजगड) तालुक्यातील आंबी नदीवरचे, काम अजून पुरे न झालेले पानशेत धरण फुटले. त्या लोंढ्याने खाली खडकवासला धरणाची भिंतही गेली, आणि मुठेकाठचे पुणे काही तासांत पाण्याखाली गेले. पुनर्वसनाचे काम ज्यांच्याकडे सोपवले गेले त्या स. गो. बर्वे यांचे नाव रस्त्याच्या उत्तर टोकाच्या चौकाला आहे. पुराने नदीकाठच्या शहराची घडी बदलली. पूर ओसरून सव्वा वर्ष होते न होते तोच, 8 ऑक्टोबर 1962 रोजी, याच काठावर नाट्यगृहाची पायाभरणी झाली. ती केली खुद्द गायकनट नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांनी, तेव्हा त्यांचे वय 74. घरे वाहून गेलेल्या शहराने इतक्या लवकर रंगभूमीसाठी पाया खणावा, ही पुण्याच्या सार्वजनिक जीवनातील मोठी गोष्ट आहे आणि ती पुरेशी सांगितली जात नाही.

बालगंधर्व रंगमंदिर 26 जून 1968 रोजी, बालगंधर्वांच्या जन्मदिनी, खुले झाले. बालगंधर्व स्वतः ते पाहायला नव्हते. आदल्या वर्षीच्या जुलैत त्यांचे निधन झाले होते. वास्तूच्या कल्पनेत लेखक पु. ल. देशपांडे यांचा मोठा वाटा होता. सुमारे हजार आसनांचे प्रेक्षागृह, बाजूला कलादालन, पुढे मोकळे आवार आणि झाडे अशी मांडणी आहे. आत चित्रकार गोपाळ देऊस्कर यांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन मोठी चित्रे आहेत: एकात ते पुरुषवेशात, दुसऱ्यात स्त्रीभूमिकेत. मध्यंतराच्या गर्दीत बटाटेवडा हातात धरून या दोन चित्रांमध्ये एकच चेहरा शोधणारा प्रेक्षक हे या वास्तूचे नेहमीचे दृश्य.

रंगमंदिराचे खरे वैशिष्ट्य त्याच्या आवारात आहे. तिकीटबारीपाशी लावलेले प्रयोगांचे फलक वाचायला तिकीट लागत नाही. कट्ट्यावर नट, तंत्रज्ञ, निर्मात्याची माणसे, नेपथ्य उतरवणारे कामगार, तारीख मिळावी म्हणून खेटे घालणारे हौशी संघ आणि कुणाचीच वाट न पाहणारे पुणेकर एकत्र बसतात. दुपारी संगीत नाटक, संध्याकाळी लावणी, रात्री नवे व्यावसायिक नाटक असा एकाच पडद्याचा दिवस जाऊ शकतो, आणि तिन्हींचे प्रेक्षक एकाच फाटकातून आत येतात. कलादालनात आज नामवंताचे प्रदर्शन, तर पुढच्या आठवड्यात एखाद्या शाळेतील चित्रकला शिक्षकाचे किंवा निवृत्तीनंतर कुंचला हाती घेतलेल्या गृहस्थांचे असते. हे जमते, कारण वास्तू महापालिकेची आहे आणि तिथली तारीख सामान्य संस्थेच्या आवाक्यातली राहिली आहे. ‘सार्वजनिक’ या शब्दाचा येथला अर्थ सर्वप्रथम भाड्याच्या दरात आहे.

रंगमंदिराला लागून, रस्ता आणि नदी यांच्यामध्ये, छत्रपती संभाजी उद्यान आहे. सकाळी चालणारे, दुपारी सावलीला टेकणारे, संध्याकाळी मुलांना घेऊन आलेले असे त्याचे तीन वेगवेगळे लोक आहेत. दिवाळीत येथे महापालिकेची मातीच्या किल्ल्यांची स्पर्धा भरते. वेल्हे तालुक्यात तोरणा आणि राजगड प्रत्यक्ष उभे आहेत. तिथल्या पासली गावच्या माणसाला ते घराबाहेरच्या ओळखीचे. पुण्याच्या मुलाला ते बहुधा प्रथम येथे, हातभर उंचीचे, ओल्या मातीचे भेटतात. तोरण्याची झुंजार माची कुठे वळते, बुधला कुठे येतो यावरून मुलांमध्ये वाद होतात. किल्ल्यांच्या मातीत आळीव पेरलेले असते, त्याला रोज पाणी शिंपडावे लागते. सार्वजनिक कला म्हटले की ब्राँझचे पुतळे आणि भित्तिचित्रे डोळ्यांपुढे येतात. हजारो हातांनी केलेली आणि दिवाळीनंतर पुन्हा माती होणारी ही कलाही त्या यादीत यायला हवी.

पुतळ्यांच्या बाबतीत उद्यानाचा इतिहास दुखरा आहे. नाटककार राम गणेश गडकरी यांचा येथील अर्धपुतळा जानेवारी 2017 मध्ये रात्री उखडून नदीत टाकण्यात आला. गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ या नाटकातील संभाजी महाराजांच्या चित्रणावरचा रोष त्यामागे होता. सार्वजनिक जागेतील शिल्प ही शहराची एकमताची गोष्ट नसते. मतभेद बोलून दाखवायची सोय त्याच जागेत नसली की तो असा अंधारात बाहेर पडतो.

रस्त्याचीही स्वतंत्र ख्याती आहे. 1976 मध्ये रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षे खड्डा न पडण्याच्या हमीवर त्याचे डांबरीकरण केले. हमीची मुदत संपून दशके उलटली तरी रस्ता टिकला, आणि पुण्यात खड्ड्यांवर बोलणे निघाले की त्याचे उदाहरण आजही दिले जाते. वाहतूक वाढल्यावर हा रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता एकेरी झाले. मोटारी वेगाने जाऊ लागल्या आणि समोरासमोरच्या दोन वास्तूंमधले अंतर पायी माणसाला फार वाटू लागले. 2016 मध्ये महापालिकेने रस्त्यांच्या रचनेसाठी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, आणि त्यांनुसार प्रथम हाती घेतलेल्या रस्त्यांत हा होता. पदपथ रुंद झाला, जुनी झाडे न तोडता त्यांच्याभोवती पार बांधले, बसायला बाक आले, सायकलींना वेगळी वाट मिळाली, काही ठिकाणी मुलांसाठी खेळणी बसवली. पदपथ आधी, वाहन नंतर हा क्रम पुण्यात इतक्या ठळकपणे पहिल्यांदा दिसला. त्यावर दुचाक्या चढतात, गाड्या लागतात, फरशा निखळतात. देखभालीचा हात ढिला पडला की रुंदी कागदावर राहते. तरीही कलादालनातून निघून उद्यान आणि पुढे पाताळेश्वर असे चालत जाणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे, आणि वेगवेगळ्या वास्तूंचा एक परिसर होतो तो या चालण्यामुळे. बालगंधर्व चौकातून फुटणाऱ्या घोले रस्त्यावर महात्मा फुले संग्रहालय आणि महापालिकेचे नेहरू सांस्कृतिक भवन आहे. ही दोन्ही ठिकाणे याच परिसराचा विस्तार समजावीत.

मुंबईचा काळा घोडा भाग हे महाराष्ट्रातील अधिक प्रसिद्ध उदाहरण. तेथे 1998 मध्ये नागरिकांची संघटना झाली, 1999 पासून दरवर्षी कलामहोत्सव भरू लागला आणि 2017 मध्ये स्वाराविना असलेला नवा घोडाही चौकात उभा राहिला. गोव्यात पणजीच्या कांपाल भागात चार्ल्स कोरिया यांनी मांडवीच्या काठी कला अकादमीची इमारत रचली, तिच्यातून वाऱ्यासारखे आरपार जाता येते. लंडनमध्ये युद्धाची झळ बसलेल्या थेम्सच्या दक्षिण काठावर 1951 च्या महोत्सवानिमित्त सभागृह उभे राहिले आणि त्याभोवती पुढे कलासंस्थांची रांग लागली. पुण्याचे साम्य या शेवटच्या उदाहरणाशी अधिक आहे: नदी, हानी आणि त्यानंतर काही वर्षांत उभारलेले प्रेक्षागृह. काळा घोड्याला आहे तशी परिसराची मिळून काळजी वाहणारी नागरी संघटना मात्र जंगली महाराज रस्त्याला नाही. उद्यान, वास्तू, रस्ता, लेणे आणि मेट्रो यांची खाती निरनिराळी आहेत.

सध्याचे तीन बदल महत्त्वाचे. पहिला मेट्रोचा. 1 ऑगस्ट 2023 रोजी डेक्कन जिमखाना आणि छत्रपती संभाजी उद्यान ही स्थानके असलेला टप्पा सुरू झाला. मार्ग नदीपात्राच्या कडेने उंचावरून जातो, स्थानकांच्या छपरांना पगडीचा आकार दिला आहे. दुसरा बदल मुळा-मुठा नदीकाठ विकासाचा, ज्याचे भूमिपूजन मार्च 2022 मध्ये झाले. काठावर फिरायला जागा मिळावी याबद्दल दुमत नाही. वाद आहे तो झाडांचा, पात्राच्या रुंदीचा आणि पुराच्या पाण्याचा, आणि 1961 चा पूर ज्यांच्या घरात सांगितला जातो त्यांना तो वाद पोकळ वाटत नाही. तिसरा प्रश्न रंगमंदिराचा. जुनी वास्तू पाडून अनेक प्रेक्षागृहांचे नवे संकुल बांधावे, हा प्रस्ताव 2018 पासून चर्चेत आहे. वाहनतळ अपुरा आहे, सोयी जुन्या झाल्या आहेत, हे खरेच. कलावंतांमध्ये दोन्ही मते आहेत. नव्या संकुलाचा विचार करताना आसनसंख्येच्या आधी आवाराचा हिशेब मांडावा: कट्टा किती फूट, झाडे किती, तिकीट न काढता आत किती वेळ थांबता येईल, आणि हौशी संघाला तारीख कितीला मिळेल.

परिसराचे पाण्याचे नाते शहराबाहेर जाते. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची साठवण मिळून सुमारे 29 टीएमसी आहे. त्यांतील पानशेत आणि वरसगाव वेल्हे तालुक्यात. पुण्याच्या नळाला येणाऱ्या पाण्यासाठी त्या खोऱ्यांतील गावे उठली. त्यामुळे या तालुक्यातील माणसाचा पुण्याच्या हिरवळीवरचा हक्क पाहुण्याचा समजू नये.

वेल्ह्याच्या माणसाला या परिसरात पोचणे अलीकडे सोपे झाले आहे. वेल्ह्याकडून येणारी एसटी स्वारगेटला सोडते. सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटहून भुयारी मेट्रोने जिल्हा न्यायालय स्थानक आणि तेथे गाडी बदलून छत्रपती संभाजी उद्यान असा प्रवास होतो. रात्री साडेनऊचा प्रयोग सुटेपर्यंत परतीची गाडी उरत नाही, म्हणून लांबच्या गावांतून येणारे दुपारी साडेबाराचा प्रयोग गाठतात.